एका हाताची पेरणी

थोरला भाऊ जाऊन लय वर्षं झाली, पण आमच्याकडं तिफणीच्या बैलांना अजून त्याच्यासारखंच "आहिस्ता, जवान" म्हणतात.

हैदराबादची फौज मोडल्यावर तो घरी आला. डावा हात कोपरापासून फौजेतच गेला होता. पेरणीला तो तिफणीमागं उभा राहिला, तेव्हा बांधावरून शेजारचे काका म्हणाले, "एका हातानं कुठं पेरणी व्हती का?"

तो बैलांना म्हणाला, "आहिस्ता, जवान." तिफणीचा दांडा, रुमणं, डाव्या काखेत दाबून उजव्या मुठीनं बी पेरायच्या चाड्यात ज्वारी सोडत गेला. ज्वारी उगवली, तेव्हा दोरी धरल्यासारखे सरळ तास बघायला झरी गावाहून माणसं आली.

पुढच्या पेरणीला काका स्वतः दारात आले. "फौजी, उद्या आमच्या चाड्यावर मूठ धरतूस का?"

"परवा येतो, काका. उद्या पिंगळीकरांनी बोलावलंय."