नाताळची बाटली

हिंजवडीत आमच्या ऑफिसची पार्टी असली की कुणीतरी हमखास म्हणतं, "तू ख्रिश्चन ना? मग घेत कशी नाहीस?" पूर्वी मी चिडायचे. पडद्यावरचे ख्रिस्ती बाप्ये सकाळपासून झिंगलेले असतात, तेच बघून वाढलेल्या लोकांना काय समजावणार? माझी आई अजून डोक्यावर पदर घेऊन चर्चला जाते. आमच्या मंडळीत प्रभुभोजनाच्या पेल्यातसुद्धा काळ्या मनुका उकळून गाळलेलं पाणी असतं. आता मी चिडत नाही, लिंबू सरबत मागवते आणि गप्प बसते. कारण हाच गैरसमज एक माणूस फार प्रेमाने आमच्या घरी घेऊन आला होता, आणि आम्ही त्याचे काय पांग फेडले ते मला माहीत आहे.

ते काका चिंचवडला आमच्याच बिल्डिंगमध्ये खालच्या मजल्यावर राहायचे. मूळचे परभणीकडचे. पप्पा आणि ते चाकणच्या एकाच कंपनीत, एकाच शिफ्टला होते, आणि कंपनीच्या बसमध्ये दोघांची सीट शेजारीशेजारी ठरलेली. काका माळकरी होते. गळ्यात तुळशीची माळ, मांसमच्छी नाही, अंडं नाही, दारूचं तर नावच नको. नाताळात आई त्यांच्यासाठी बिनअंड्याचा रव्याचा केक करायची. आधी त्यांचा, मग आमचा. तो होईपर्यंत ती आम्हाला स्वयंपाकघरात फिरकू द्यायची नाही, अंड्याचा हात लागेल म्हणून.

एकदा माझ्या आतेबहिणीच्या लग्नाला काका चर्चमध्ये आले होते. पाळकांनी काना गावच्या लग्नाची गोष्ट सांगितली. द्राक्षारस संपला, यजमानाची अब्रू जायची वेळ आली, तेव्हा प्रभूने पाण्याचा द्राक्षारस केला. आम्ही ती इतक्यांदा ऐकलेली की आमचं लक्ष जेवणाकडे होतं. काकांनी मात्र ती मन लावून ऐकली. त्या वर्षी नाताळच्या दुपारी ते वर आले ते एक कापडी पिशवी अंगापासून लांब धरून. पिशवीत वर्तमानपत्रात गुंडाळलेली वाइनची बाटली होती.

"भाऊ, तुमच्या देवानं सोता केलेली वस्तू हाय म्हणं ही. सणाला घरात पाहिजेच की," काका म्हणाले.

पप्पांनी बाटली दोन्ही हातांनी घेतली. "काय राव, कशाला एवढं," म्हणून हसले. काका केक खाऊन खाली गेल्यावर त्यांनी ती मोरीत ओतली आणि वर दोन तांबे पाणी टाकलं.

"सांगायचं ना त्यांना," आई म्हणाली.

"माळ शर्टाच्या आत घालून तो दुकानाच्या जाळीसमोर उभा राहिला असेल गं. कसं सांगू?"

ते खरंच होतं. पुढे काकूंनीच हसत हसत सांगितलं की ओळखीचं कुणी बघायला नको म्हणून स्वारी पार निगडीला गेली होती आणि घरी आल्या आल्या अंघोळीला बसली होती. पहिल्या वर्षी सांगितलं नाही, म्हणून दुसऱ्या वर्षी सांगता येईना, आणि मग तो रिवाजच होऊन बसला. न पिणारा माणूस न पिणाऱ्या माणसाला दर नाताळला बाटली द्यायचा, आणि तो ती मोरीत ओतायचा.

मी तेव्हा कॉलेजला होते आणि मला प्रत्येक गोष्टीवर वाद घालायचा असायचा. प्रभूने स्वतः केला तो द्राक्षारस आपल्याला का चालत नाही, असं मी पप्पांना विचारायचे. माझ्या एका मैत्रिणीकडे, ते कॅथलिक, नाताळच्या जेवणात आजीपासून सगळे पेलाभर घेतात, मग ते काय नरकात जाणार? पप्पा म्हणायचे, "त्यांचं त्यांच्यापाशी. पाप बाटलीत नसतं, मलाही कळतं. पण माझ्याकडे बघून दुसरा एखादा घसरला तर त्याचा जाब मला द्यावा लागेल." आमच्या आजोबांनी आधी दारू सोडली आणि मग बाप्तिस्मा घेतला होता. त्यामुळे आमच्या घरात हा प्रश्न चवीचा नव्हताच. पप्पांचं म्हणणं मला आजही पटतं. मी फक्त एवढंच म्हणायचे, ओतायची तर ओता, पण घेताना हसता कशाला? त्यावर ते पेपर उघडायचे.

मग पप्पांची मंडळीच्या, म्हणजे चर्चचा कारभार बघणाऱ्या, पंच कमिटीवर निवड झाली. घराण्यात पहिल्यांदाच. त्यांनी नवा कोट शिवला आणि तो घालून दोनदा आरशात बघितलं, ते मी पाहिलं होतं.

त्या नाताळला दुपारी काका नेहमीप्रमाणे आले. बाटली टीपॉयवर ठेवली, केकची वाट बघत बसले. तेवढ्यात पाळकसाहेब आणि दोन ज्येष्ठ पंच घरभेटीच्या प्रार्थनेला आले. नव्या पंचाच्या घरी आधी, असा त्यांचा विचार. सलाम झाले, सगळे बसले, आणि मग सगळ्यांची नजर एका ठिकाणी गेली. बाटलीवरचा कागद सुटला होता.

"हे काय?" एका पंचांनी विचारलं.

पप्पांनी बाटलीकडे पाहिलं, मग पाळकांकडे. काकांकडे नाही पाहिलं.

"हे यांचं आहे," पप्पा म्हणाले. "शेजारी आहेत आमचे. घेतात थोडी."

आई बिनअंड्याच्या केकची बशी घेऊन दारात उभी होती, ती तिथेच थांबली. काकांची माळ शर्टावर सगळ्यांना दिसत होती, पण माळेचा अर्थ त्या खोलीत फक्त आम्हालाच ठाऊक असावा तसे बाकीचे बसले होते. मी तोंड उघडलं. काकांनी माझ्याकडे बघून हळूच मान हलवली.

"व्हय, माझीच हाय," ते म्हणाले. "चुकून इथं ठिवली."

पाळकसाहेब भले होते, आणि भल्या माणसाने जे करावं तेच त्यांनी केलं. काकांच्या डोक्यावर हात ठेवून त्यांनी प्रार्थना केली, की या बांधवाला व्यसनातून सोडव, याच्या बायकामुलांवर दया कर. काका डोळे मिटून, हात जोडून बसले होते. प्रार्थना संपल्यावर आम्ही सगळे आमेन म्हणालो. पप्पाही म्हणाले. मीही म्हणाले, सवयीने तोंडातून गेलं, पण पप्पांचं ते आमेन मला आजवर पचलेलं नाही.

काकांनी बाटली पिशवीत घातली. "येतो भाऊ," म्हणून ते गेले. केक बशीत तसाच राहिला.

संध्याकाळी पप्पा खाली जाऊन आले. काका म्हणाले होते, "तुमची अडचण व्हती भाऊ, मला कळलं." भांडले असते तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवसापासून ते बसमध्ये पुढे ड्रायव्हरजवळ बसू लागले. पुढच्या नाताळला आईने केक माझ्या हाती खाली पाठवला. काकूंनी घेतला, रिकामं भांडं परत द्यायचं नाही म्हणून त्यात साखर घालून दिली, पण काका वर आले नाहीत.

एवढ्यावरही निभावलं असतं. पण त्यातल्या एका पंचांचा भाचा त्याच कंपनीत होता. गोष्ट प्लांटमध्ये पोचली. एकदा बसमध्ये कुणीतरी मोठ्याने म्हणालं, "काय बुवा, आज माळ खिशात का?" सगळे हसले. पप्पा मागच्या सीटवर होते. खरं बोलावं तर आपण पंचांसमोर खोटं बोललो हे मंडळीत कळणार. ते खिडकीबाहेर बघत राहिले. हे त्यांनी आईला सांगितलं, आणि आईने मला. वर्षभराने पप्पांनी तब्येतीचं कारण देऊन कमिटी सोडली. तब्येत ठणठणीत होती.

काका रिटायर होऊन तळवड्याला मुलाने घेतलेल्या फ्लॅटमध्ये गेले. तळवडे काही लंकेत नाही, पण पप्पा "जाऊ एकदा" म्हणत राहिले. मी गाडी काढते म्हटलं की त्यांचा गुडघा दुखायचा. गेल्या वर्षी काका गेल्याचा निरोप आला, तेव्हा गुडघा दुखला नाही.

काकूंनी चहा केला. बोलताना कुठेही बोचकारलं नाही. निघताना त्यांनी मुलाला माळ्यावरून एक कापडी पिशवी काढायला लावली. मी ती लगेच ओळखली.

"ह्यांनी ठिवली व्हती," काकू म्हणाल्या. "म्हणायचे, त्यांच्या देवाची वस्तू हाय, आपल्याला फेकता येत न्हाई. भाऊ येतील तवा देऊ."

पप्पांनी पिशवी दोन्ही हातांनी घेतली. गाडीत ती मांडीवर ठेवून बसले. निगडीकडे ट्रॅफिक तुंबलेलं होतं. तिथे म्हणाले, "मी बाकीच्या सगळ्या ओतल्या." मला त्यांचा राग येत होता आणि त्यांची कीवही येत होती.

या नाताळला ती बाटली पप्पांनी स्वतः टीपॉयवर ठेवली. आईने टीपॉय पुसताना उचलली, पुन्हा तिथेच ठेवली. दुपारी नवे पाळक आले. तरुण आहेत, गिटार वाजवतात, सगळ्यांना आवडतात. बाटली बघून हसले. "अंकल, ही कुणाची?"

पप्पा खुर्चीचा हात धरून उभे राहिले. त्यांनी मनात घोकून ठेवलं होतं, हे मला त्यांच्या आवाजावरून कळलं. "माझी," ते म्हणाले. "माझ्या मित्राने आणलेली. त्याने आयुष्यात थेंब घेतला नाही. मी मंडळीच्या लोकांसमोर सांगितलं की तो पितो."

पाळकांना त्यातलं पहिलंच ऐकू आलं असावं. "अहो, मग त्यात काय एवढं," ते म्हणाले. "सणाला घोटभर घेतली तर आता कोण विचारतं? नशा करू नये, एवढंच." आणि त्यांनी केकचा तुकडा उचलला. बिनअंड्याचाच होता, आई अजून करते.

प्रार्थना करून ते गेले. पप्पा अजून बाटलीकडेच बघत होते.

"आता कुणी विचारतच नाही," ते आईला म्हणाले, "तर मी सांगू कुणाला?"