परक्या समाधीला तेल

हे नारायणा, हे चराचराच्या सोबत्या! ज्याला कुणी नाही त्याला तू आहेस, असे आम्ही तोंडभरून बोलतो. पण तू त्याच्यापर्यंत पोचतोस कसा, कोणत्या रूपाने, हे काही आम्हाला उमगत नाही. तुझ्या चरणी मस्तक ठेवून आज परदेशी राहणाऱ्या एका वृद्ध पित्याची कथा सांगतो.

त्यांचे नाव वासुदेवराव. साताऱ्याच्या शाळेत गणित शिकवता शिकवता केस पांढरे झाले. पत्नी प्रमिलाबाई गेल्या, आणि एकुलत्या लेकीने, संहिताने, त्यांना आपल्याजवळ, नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्ट शहरी आणले. ती तिथल्या विद्यापीठात संशोधन करते. लेक गुणाची, घर उबदार, ताटात ऊन वरणभात. मग उणे ते काय? उणा होता शब्द! सकाळी संहिता सायकलवर टांग टाकून जाई, आणि मग त्या घरात दिवसभर बोलायचा तो फक्त कुकर.

फिरता फिरता त्यांना शहराबाहेरचे एक जुने चर्च सापडले. भोवती कबरी, तीन-तीनशे वर्षांच्या, मऊ पिवळ्या दगडाच्या; अक्षरे पावसाने चाटून नेलेली. वासुदेवरावांच्या ओठी 'कबर' हा शब्द आलाच नाही. ते म्हणाले, "समाधी!" श्रोतेहो, शब्द बदलला की नाते बदलते. कबरीपाशी वाटसरू थबकतो, समाधीपाशी भाविक बसतो. ते बसू लागले. भिंतीलगतच्या एका शिळेवर नाव उरले नव्हते, नुसती एका स्त्रीची झिजलेली आकृती होती. तिच्यापाशी बसून ते प्रमिलाबाईंच्या गोष्टी सांगत.

पितृपक्ष आला. तर्पणात आपल्या साऱ्यांची नावे घेऊन झाली की शेवटची ओंजळ असते ती निर्वंशांची, ज्यांना पाणी देणारे मागे कुणी उरले नाही त्यांची. एरवी सहज सुटणारी ती ओंजळ यंदा हातातच थबकली. यंदा तिला चेहरा होता! दुपारी ते तिळाच्या तेलाची बाटली घेऊन निघाले. शिळा कोरडी, भेगाळलेली. आपल्याकडे मारुतीला तेल, वेशीवरच्या वीरगळालाही तेल. दगडावर माया करायची ती आणखी कशी? दोन्ही तळव्यांनी त्यांनी तेल चोळले, आजारी माणसाची पाठ चोळावी तसे.

पण तो आपला काळा कातळ नव्हे. त्याने तेल पिऊन टाकले, आणि पिवळ्या अंगावर भला मोठा काळपट डाग उमटला.

दुसऱ्या दिवशी दफनभूमीची निगा राखणाऱ्या टोसबाईंनी त्यांना फाटकातच अडवले. उंच, सत्तरीच्या, हातांत मातकट हातमोजे. घरच्या कुणाला तरी घेऊन या, असे खुणांनी सांगितले. शनिवारी संहिता आली, डाग पाहून हबकली.

"बाबा, कबरीला तेल लावलंत?"

"समाधीला."

"अहो, ती काय शनिवारचा मारुती आहे?"

"मारुती तरी कुठे मागतो गं?"

टोसबाई हसल्या नाहीत. "मेनेर," त्या म्हणाल्या; डच लोक 'महाशय' म्हणतात ते असे. "हा डाग निघणार नाही. घासला तर दगडाचा भुगा होईल. दफनभूमीची समिती म्हणते, तुम्हाला आत सोडायचं नाही. मी त्यांना काय सांगू? ही बाई तुमची कोण?"

संहिताने मराठीत सांगताच वासुदेवरावांनी वळून फाटकाकडे पाहिले. हे फाटक मिटले तर बोलायचे कुणाशी?

"कुणी नाही," ते म्हणाले. "कुणाचीच नाही, म्हणून तर! आमच्यात शेवटची ओंजळ अशांचीच असते. चूक झाली. पुन्हा हात लावणार नाही, लांब बसेन. पण बसू द्या."

हे इंग्रजीत सांगताना संहिता दोनदा अडखळली. आपले वडील दिवसभर कुठे असतात, हे तिला आज कळत होते.

टोसबाईंनी हातमोजे काढले. "मला मूल नाही," त्या हळू म्हणाल्या. "इथे नव्या कबरीला मुदत असते. ती वाढवणारं कुणी नसलं की जागा रिकामी करतात. मेनेर, तुमच्या त्या शेवटच्या ओंजळीत माझं नाव चालेल?"

"शिव शिव!" वासुदेवराव कळवळले. "संहिता, यांना सांग, ओंजळ गेलेल्यांची. जित्या माणसाला आशीर्वाद द्यायचा असतो."

"मग तोच द्या. समितीचं मी बघते. बाटली मात्र घरी ठेवायची!"

फाटक उघडे राहिले. एकाकीपण सरले, असे मी म्हणणार नाही. सोमवारी संहिता पुन्हा कामाला गेली, घर पुन्हा मुके झाले. वासुदेवराव आता शिळेपासून दूर बसतात. पलीकडे टोसबाई पाने ओढत असतात. एकाची भाषा दुसऱ्याला येत नाही. पण निघताना ते उजवा हात उंचावून मराठीतच काही पुटपुटतात, आणि टोसबाई मान लववून ते घेतात.

नारायणा, तो उंचावलेला हात रिता जाऊ देऊ नकोस. टोसबाईंना उदंड आयुष्य दे, आणि त्यानंतरही त्यांची आठवण काढणारे कुणी असू दे. संहिताच्या घरात दिवसाउजेडी बोलणे नांदो. आणि वासुदेवरावांच्या प्रत्येक हाकेला, जवळून वा दुरून, कुणीतरी 'ओ' देवो!