मंदाताईंचा उंबरा

मंदाताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी वसतिगृहाच्या ओट्यावर सतरंज्या उन्हात टाकत होते. संगमनेरहून त्यांची भाची बोलत होती. झोपेतच गेल्या म्हणे. खरं सांगते, दुःखाच्या आधी मला भीती वाटली. त्याच आठवड्यात आमची बैठक होती आणि ताई येणार होत्या.

पाथर्डी तालुक्यातल्या आमच्या गावातली निम्मी घरं ऊसतोडीला जातात. पोरांनी मागे राहून शाळा शिकावी म्हणून आम्ही बायकांनी हे वसतिगृह काढलं. तेव्हापासून ताई आमच्या पाठीशी. त्यांना कुठल्या संस्थेची नोकरी नव्हती. कर्जत असो की संगमनेर, एखादी लहान संस्था अडली आणि तिने बोलावलं की ताई एसटीत बसायच्या. पण सल्लागार म्हणावं तर सल्ला देतील तर शपथ! बैठक सुरू झाली की थेट उंबऱ्यावर बसायच्या, तोंड रस्त्याकडे, पाठ आमच्याकडे. आमच्यातली थोरली कौसाबाई पहिल्याच दिवशी ओरडली, "ताई, उठा. उंबऱ्यात बसू न्हाई, इपरीत व्हतं." ताई हसल्या. "मी आत बसले की तुम्ही सगळ्या माझं तोंड बघून बोलता. आता पाठ बघून बोला." पुढे कौसाबाईनेही नाद सोडला. आम्ही भांडायचो, रडायचो, ठरवायचो. मग ताई पदर झटकत उठायच्या, "ठरलं ना? निघू मी?" त्यांच्या त्या गप्प बसण्याचा मला भारी राग यायचा.

यंदा घरमालकाने हंगामाच्या आत खोल्या रिकाम्या करायला सांगितल्या. पाठोपाठ गावातल्या पुढाऱ्याचा निरोप आला. इमारत आम्ही देतो, अध्यक्ष आमचा माणूस राहील. शेजारच्या गावातल्या बालवाडीला त्याने अशीच इमारत दिली होती. आज तिथे त्याच्या खताच्या गोण्या आहेत. पण खोल्या नसतील तर पोरं आईबापांबरोबर जीपमध्ये बसून उसाच्या फडात जाणार. निरोप आल्यापासून समोरच्या वळणावर एक पांढरी गाडी उभी राहू लागली. काचा कायम वर.

शेवटच्या बैठकीला ताई थोडा वेळ त्या गाडीकडे बघत उंबऱ्यावर बसल्या. आणि मग... उठून आत आल्या, भिंतीला टेकल्या. असं कधीच झालं नव्हतं. कौसाबाई माझ्या कानाशी पुटपुटली, "मला न्हाई बरं वाटत हे." न राहवून मी विचारलं, "ताई, आम्ही काय करावं?"

"दमलेय गं आज. पुढच्या खेपेला ठरवा. मी येते."

ताई गेल्या, तरी ती बैठक आम्ही घेतली. उंबरा मोकळा, आणि आम्ही सगळ्या त्याच्याकडेच बघत बसलेल्या. तेवढ्यात गाडीचं दार वाजलं. पुढाऱ्याचा माणूस बोलावल्याशिवाय आला. "ताईंचं कळलं, वाईट झालं. आता तुमाला कुनीतरी पायजेच की," म्हणत तो उंबऱ्यावर टेकला. तोंड आमच्याकडे करून.

"ऊठ," कौसाबाई म्हणाली. "उंबऱ्यात बसू न्हाई."

"ताई बसायच्या की, मावशे."

"त्यांची पाठ असायची आमच्याकडं. ऊठ."

तो हसत उठला. "जीपा गेल्यावर पोरं कुठं ठिवता, बगतो आमी."

तो गेल्यावर ठरलं. इमारत नको. खोल्या मिळेपर्यंत पोरं आपापल्या घरात वाटून घ्यायची. सगळ्यांत आधी कौसाबाईचा हात वर गेला.

दसरा झाला, पहिल्या जीपा गेल्या. माझ्या घरात आता तीन पोरं आहेत. ती पांढरी गाडी हल्ली वळणावर नसते. माझ्या दारासमोर असते. ताई असत्या तर... पण त्या तरी काय बोलल्या असत्या! दिवेलागणीला पोरं आत अभ्यासाला बसली की मी उंबऱ्यावर बसते, रस्त्याकडे तोंड करून. कौसाबाई येता-जाता बघते. अजून एकदाही ती मला ऊठ म्हणालेली नाही.