टाकीच्या झाकणावरचा शेंदूर

गेल्या महिन्यात आमची गिरणी पुन्हा चालू करायची ठरवली. हरीचं तेरावं उरकलं होतं, गावातल्या बायका दळणासाठी खोळंबल्या होत्या... आणि मलाही घरातली शांतता सोसेना.

हरी म्हणजे माझा एकुलता मुलगा. गिरणी त्याचीच. इंजिन नगरहून, इंग्रजांच्या मुलखातून, बैलगाडीवर घालून आणलं होतं त्यानं. करोडगिरीच्या नाक्यावर निजामाच्या जकातीपायी अडकून पडलं तेव्हा मीच म्हणालो होतो, "ऱ्हाऊ दे तितंच, बैलाला वैरण घातली की चालतो, ह्याला काय घालशील?" आमच्या पाटोद्यात माझ्याइतकं त्या इंजिनाला कुणी नावं ठेवली नसतील.

पण आता सगळं त्या इंजिनावर येऊन ठेपलं होतं. आमची जमीन कोरडवाहू, आम्हा म्हातारा-म्हातारीपुरती. सून गंगूला न्यायला तिचा भाऊ दिंद्रुडहून गाडी घेऊन आला होता. तो सरळ म्हणाला, "आबा, गिरणी चालली तर ऱ्हाऊ द्या तिला. न्हाई चालली तर ती कुनाच्या जिवावर ऱ्हाईल?"

बोलण्यात खोट नव्हती. पण गंगू गेली तर त्या घरात आम्ही दोघं एकमेकांची तोंडं बघत बसणार... तिच्या वावरण्यात अजून हरीचं घर होतं.

सकाळी इंजिनाची तेलाची टाकी काठोकाठ भरली. मग हरीच्या आईनं इंजिनाची पूजा केली. दरवर्षी दसऱ्याला ही पूजा गंगू करायची. आता ती विधवा, चांगल्या कामात पुढं यायचं नाही ही रीत. ती बाहेर लिंबाखाली पदर ओढून उभी.

आईनं रडत रडत शेंदूर थापला. चाकाला, टाकीला, दिसेल तिथं... देवानं पोरगं नेलं, निदान इंजिन तरी राखावं म्हणून तिनं हात आखडला नाही.

जात्याच्या दगडांना छिन्नीनं खाचा पाडणारे उस्मानभाई मदतीला होते. इंजिनाचं डोकं दिव्यानं तापवलं, दोघांनी मिळून चाक फिरवलं. धुराच्या नळीवर हरीनं बसवलेलं टोपण वाजायला लागलं... पुक्, पुक्, पुक्. हा आवाज शिवारापर्यंत जायचा. बायका टोपल्या घेऊन निघाल्यासुद्धा.

पायलीभर ज्वारी दळली असेल नसेल, आवाज मंदावला. दमेकऱ्यासारखं दोनदा उचकलं आणि बंद.

पुन्हा तापवलं, पुन्हा फिरवलं... काही नाही. उस्मानभाईंनी टाकीवर टिचकी मारली, टाकी भरलेली. नळी सोडवली, फुंकली, परत बसवली. इंजिन सुरू झालं, आम्ही हसलो, आणि घटकाभरात परत तेच.

"आबा, तेल हाय, पन खाली उतरंना," उस्मानभाई घाम पुसत म्हणाले. मागून एका बाईनं हळूच म्हटलं, मालकाच्या मागं गेलं बाई इंजिन. बाहेर गंगूचा भाऊ बैलांना पाणी दाखवत होता.

तेवढ्यात हरीची आई लिंबाकडून आली. सून माझ्याशी सहसा बोलत नाही, सासूमार्फतच निरोप. "गंगू म्हनती, दसऱ्याला धनी टाकीच्या झाकनाला शेंदूर न्हवते लावू देत. तिचा हात धरायचे. म्हनायचे, तितं बारीक भोक हाय, टाकी तितून दम घेती."

मी झाकण बघितलं. लालभडक, गुळगुळीत. भोक कुठं आहे तेही दिसेना.

"तिलाच बोलाव," मी म्हणालो. बायका कुजबुजल्या. मी ओरडलोच, "रीत मागनं बगू! ये गं पोरी."

गंगू आत आली. बाभळीचा काटा घेऊन तिनं नेमक्या जागी टोचला. सुस्स करून हवा आत गेली... अगदी माणसानं श्वास घ्यावा तसा आवाज. मग चाक फिरवलं, आणि इंजिनानं जोर धरला तो धरलाच. पार दळण संपेपर्यंत थांबलं नाही.

सगळे आनंदले. मी मात्र बाहेर येऊन रडलो.

हरीला छातीचा ताप होता. शेवटच्या दिवशी भिंतीला टेकून म्हणत होता, "आबा, खिडकी उघडा की." खिडकी उघडीच होती. दारही उघडं होतं. तरी मी उठलो, खिडकीला हात लावला आणि म्हणालो, "उघडली बग." त्याचा दम कुठं अडला होता, ते आम्हा कुणाला सापडलं नाही.

आत गेलो तर गंगू आपल्या बोटांकडं बघत उभी होती. विधवेची बोटं, शेंदरानं लाल झाली होती ना... पदराला पुसता येईनात, लोकांत तशीच ठेवताही येईनात. उस्मानभाईंनी रॉकेलचा बोळा पुढं केला आणि तोंड फिरवलं.

तिचा भाऊ रिकामी गाडी घेऊन गेला. आता रोज सकाळी झाकण तीच बघते, मग मी चाकाला हात लावतो.

तिचे आभार मानावेत असं फार वाटतं. पण सासऱ्यानं सुनेचे आभार कसे मानायचे, हे आमच्यात कुणी शिकवलेलं नाही... म्हणून इथं लिहितोय.