तळ्याला किती माणसं झेपतात

मोजणीबाई हे नाव तिला ऑफिसातल्यांनी ठेवलं आणि तिनंही ते खुशाल मिरवलं. आयुष्य जमिनी मोजण्यात गेलेलं. वनखात्यात बदली झाल्यावर मात्र भलतंच काम अंगावर आलं: डोंगरातल्या तळ्याला एका दिवसात किती पर्यटक झेपतील, ते ठरवायचं.

त्याच तळ्याच्या वाटेवर तिच्या नणंदेचं लॉज होतं. नवऱ्यामागं वन्संनी ते एकटीच्या हिमतीवर उभं केलेलं. रविवारी तिथं पाय ठेवायला जागा नसे. इतर दिवशी चादरींच्या घड्यासुद्धा मोडत नसत.

बाई महिनोन्महिने पायवाट तुडवत राहिली. माणसं समोरासमोर आली की कुठं गवतात उतरतात, कुठं माती इतकी दबलीय की पाणी मुरत नाही, काठावर किती जण जमले की पक्षी उडतात, सगळं तिनं पाहिलं. वाट चिखलते ते दिवस वजा केले, पक्षी अंडी उबवतात ते आठवडे वजा केले, आणि त्या प्रमाणात आकडा खाली आणला. हाती आलेला आकडा रविवारच्या गर्दीच्या निम्माही नव्हता.

वन्संना कुणकुण लागलीच. त्या घरी आल्या, पाणीही न घेता म्हणाल्या, "वहिनी, आकडा तुझ्याच हातात आहे ना? मग जरा ढिला सोड."

बाईच्या नवऱ्याची अवस्था अडकित्त्यातल्या सुपारीसारखी झाली. तो पेपरात डोकं खुपसून बसला. बाईचाही पाय घसरत होता. अंडी उबवायचा एखादा आठवडा वजाबाकीतून गाळला तर कुणाला कळणार होतं? तिनं तसा हिशेब करूनही पाहिला, आणि स्वतःचीच लाज वाटून खोडून टाकला.

रविवारी ती वन्संना तळ्यावर घेऊन गेली. गल्ल्यावर बसणाऱ्या वन्संना ती वाट चालून कित्येक वर्षं झाली होती. वळणावरच्या झाडाखाली त्या थबकल्या. लग्नानंतर नवऱ्यासोबत त्या इथंच बसायच्या. आता गवताचा मागमूस नव्हता, मुळं उघडी पडली होती. पलीकडं दोघंजण फोटोसाठी काठच्या लव्हाळ्यातून आत घुसले आणि पक्षीण घरट्यावरून उडाली. ऊन चढलं तरी ती परतली नाही. वन्संही हलल्या नाहीत.

उतरताना त्यांनी विचारलं, "तुझा आकडा रोजचा, की रविवारचा?"

"रोजचा."

"मग सगळ्यांनी रविवारीच का मरायचं? आठवडाभर वाटून पाठवा की. नाव आधी नोंदवा म्हणावं."

ही सोय बाईच्या अहवालात नव्हती. तिनं ती घातली. बाकीच्या लॉजवाल्यांची समजूत काढणं मात्र तिला जमलं नसतं. ते वन्संनी केलं, शिव्या खाऊन केलं.

पहिला हंगाम कोरडाच गेला. वन्संनी वरचा मजला बंद ठेवला आणि वहिनीशी बोलणंही तोलूनमापून ठेवलं. पुढच्या वर्षी मधल्या वारी माणसं येऊ लागली, निवांत दोन-दोन दिवस राहू लागली. वळणावर गवताची हिरवी लव दिसली.

मग एक दिवस वन्संचा फोन आला. पिल्लं बाहेर पडली होती. "बघायला ये. पण आधी नाव नोंदव हं, वशिला चालायचा नाही."

बाईनं निमूट नाव नोंदवलं. नंबर लागला तो पुढच्या गुरुवारचा.