देशमुखाच्या बापाचे डोळे

"माह्या बापाच्या तोंडावर रेघा काऊन मारल्या बे?"

देशमुखानं विचारलं आणि मी तोंड उघडायच्या आत कानाखाली जाळ काढला. भर अंगणात. ओट्यावर गावातली वजनदार माणसं चहा पीत बसलेली. खाली मातीत मी आणि माझा बाप. नवं राज्य झालं होतं, आम्ही बौद्ध झालो होतो. तो ओटा मात्र होता तेवढाच उंच होता.

चूक माझीच होती, हे आधी सांगतो. देशमुखाला मेलेल्या बापाचं मोठं चित्र शाळेत लावायचं होतं. मी सातवीतून शाळा सोडलेला, मोताळ्याच्या बाजारात दुकानांच्या पाट्या रंगवणारा. खामगावला टॉकीजबाहेर एक पेंटर बोर्ड रंगवायचा. त्याला लांबून बघून शिकलो. तो फोटोवर चौकटी आखायचा, तेवढ्याच पण मोठ्या चौकटी कापडावर, आणि एकेक चौकट उतरवत जायचा. मीही आखल्या. शिसपेन्सिलीनं, हलक्या हातानं. देशमुखाच्या घरात बापाचा तेवढा एकच फोटो आहे, हे ध्यानात आलं नाही.

कापडावर चेहरा उतरत आला होता. फक्त डोळे राहिले होते. खाली कोपऱ्यात माझ्या नावाला जागा ठेवली होती. ते नाव वाचून चार माणसं काम देतील, पाट्या सुटतील, मी चित्रकार होईन. याहून मोठं काही मी मागितलं नव्हतं.

शाळेचे ड्रॉइंग मास्तर ओट्यावरच होते. डिप्लोमावाले. हसत म्हणाले, "फोटोवर काच ठेवून काचेवर आखतात. शिक्षण नसलं की हे असं होतं."

हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. कळलं ते थोबाड सुजल्यावर.

"पूस," देशमुख म्हणाला. "थुका नको लावू. बाटन माहा बाप."

भाकरीचा मऊ गोळा करून मी रेघा पुसत राहिलो. उन्हात, गुडघ्यांवर. माझ्या बापानं पागोटं काढून जमिनीवर ठेवलं. म्हणाला, "लेकराले माफ करा मालक. पुन्हा बुरूश धरनार नाही तो."

ओट्यावर सगळे हसले. मला रडू आलं ते त्यांच्या हसण्यानं नाही, बापाच्या बोलण्यानं.

अपुरं चित्र मास्तरांकडे गेलं. महिन्याभरानं देशमुखाचा गडी आमच्या दारात. "मास्तरले डोये जमून नाही राह्यले. तू मांगच्या दारानं ये, काढून दे. नाव मास्तरचंच राहीन."

"जाय बापा," बाप मागून म्हणाला. "गावात राहाचं आहे आपल्याले."

मी गड्याला म्हणालो, "मास्तरले सांग, डिप्लोम्यातून काढ म्हना डोये."

पुढच्या बाजारी तीन दुकानदारांनी पाट्या परत नेल्या. का, ते विचारायची गरज नव्हती.

मग मी बापाला दारात बसवलं. त्याचा फोटो कधी निघालाच नव्हता. चित्र काढायचं म्हटल्यावर त्याचा हात सवयीनं पागोट्याकडे गेला. मी ओरडलो, "डोक्यावरच राहू दे!" तो घाबरून तसाच बसला. मी तसाच काढला, घाबरलेला, पागोट्यासकट. खाली माझं नाव, वीतभर.

ते चित्र मी मोताळ्याच्या बाजारात माझ्या जागेमागे टांगलं. जाता-येता देशमुख बघतो. बघू दे. माझ्याकडून चित्र हवं त्यानं पुढच्या दारानं बोलवावं. नाव माझं पडेल. चालत नसेल, तर त्यानं आपला बाप आंधळा टांगावा.