तुकडी भरली

मे महिना उजाडला की आमच्या कॉलेजातली मास्तर मंडळी शिकवायचं सोडून गिऱ्हाईकं शोधायला निघतात. गिऱ्हाईक हा शब्द संस्थाचालकांना आवडत नाही, ते 'प्रवेश' म्हणतात. पण भर उन्हात खेड्यातल्या ओसरीवर बसून, परक्याच्या पोरीची स्तुती करत चहाचा तिसरा कप ढोसावा लागला की कोणता शब्द खरा ते कळतं.

चिकलठाण्याच्या पुढं, जालना रोडपासून आत आमचं विनाअनुदानित कॉलेज आहे. शहरातली मुलं इकडं फिरकत नाहीत. येतात ती कन्नड, गंगापूरकडची, आणि त्यातही मुलीच जास्त. मुलगे बारावी झाले की कंपनीत शिरतात, नाहीतर पोलीस भरतीच्या मैदानावर धावत सुटतात. फी हप्त्यानं घेतो, तरी वर मेस आणि एसटीचा पास असतोच. त्यामुळं दरवर्षी तुकडी भरेल की नाही याचा घोर.

यंदा हा घोर सर्वांत जास्त धारूरकर सरांना होता. सदाशिव धारूरकर, रसायनशास्त्र, तासिका तत्त्वावर. बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाची तुकडी भरली नाही तर ती बंद, आणि तिच्याबरोबर सरही, असं प्राचार्यांनी स्पष्टच सांगितलं होतं. पन्नाशीला टेकलेल्या माणसाला दुसरीकडं कोण घेतंय? सरांचं जेवण तुटलं, पित्त वाढलं. स्टाफरूममध्ये माझ्या शेजारी बसून ते गोळ्या चघळायचे आणि फोन वाजला की दचकायचे.

अशा अवस्थेत जूनमध्ये ते कन्नडजवळच्या एका गावात तात्यासाहेबांकडं गेले. तात्यासाहेब ऊसवाले बागायतदार, त्यांच्या शब्दावर गावातल्या आणखी दोन-तीन पोरी येण्यासारख्या होत्या. नात मोनिका बारावी सायन्सला चांगल्या मार्कांनी पास झालेली. ती चहा देऊन दाराशीच उभी राहिली. सरांचं प्रयोगशाळा, शिष्यवृत्ती, सगळं सांगून झालं. तात्यासाहेबांनी ऐकून घेतलं आणि ते म्हणाले, "फीचं सोडा वो सर. पर शहरात आपलं हाय कोण? तुमाला लेकरं किती?"

एकच मुलगी, स्वरदा, तीही यंदा बारावी झाली, असं सर म्हणाले.

"मग ती कुठं जाणार शिकाया?"

स्वरदाचा प्रवेश शहरातल्या सरकारी कॉलेजात नुकताच झाला होता. घरात पेढे वाटून झाले होते. सर म्हणाले, "आमच्याच कॉलेजात."

"मंग झालं तर," तात्यासाहेब म्हणाले. "तुमी सवताची पोर घालताय म्हणल्यावर आमाला काय बघायचंय? तिच्या सोबतीनं हिला धाडतो."

प्रवेशाच्या दिवशी जीप भरून आली. मोनिका आणि गावातल्या आणखी तीन मुली. तुकडी भरली. प्राचार्यांनी सरांच्या पाठीवर थाप मारली, आणि तेवढ्यात तात्यासाहेबांनी विचारलं की स्वरदाताई कुठं आहेत, जरा दोघींची गाठ घालून देतो. मामाकडं गेलीय, असं सरांनी दडपून सांगितलं. मी शेजारीच होतो. एवढा घाम मी कुठल्या परीक्षार्थ्यालाही आलेला पाहिला नाही.

त्यानंतर कॉलेज सुरू होईपर्यंत सरांची झोपच उडाली. मोनिका स्वरदाला शोधणार, ती दिसली नाही की घरी फोन करणार, तात्यासाहेब जीप घेऊन येणार आणि चारही पोरी घेऊन जाणार, हे त्यांना डोळ्यांसमोर दिसत होतं. त्यांच्या पत्नी, उमावहिनी, म्हणाल्या की आता लपवण्यात अर्थ नाही, मोनिकाला सरळ सांगून टाका. मलाही तेच वाटत होतं. सर भित्रे खरे, पण लबाड नव्हते.

पहिल्या दिवशी त्यांनी मोनिकाला वर्गाबाहेर बाजूला घेतलं आणि मान खाली घालून सांगितलं, की स्वरदा इथं नाही, ती सरकारी कॉलेजात आहे.

मोनिका म्हणाली, "मला म्हाईत हाय, सर."

पुढचंही तिनंच सांगितलं. सरकारी कॉलेजात कागदपत्रं तपासायच्या रांगेत स्वरदा तिच्यापुढंच होती, दोघी तासभर बोलत होत्या, आपले वडील कुठं शिकवतात तेही स्वरदानं सांगितलं होतं. मोनिकाचाही नंबर तिथं लागला होता. काका घेऊन गेले होते, पण शहरात एकटी पोर नको म्हणून आजोबांनी प्रवेश घेऊ दिला नाही.

"तुमी घरी आला तवा तिथल्या प्रवेशाची मुदत होती अजून," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. "मला वाटलं, आता सर सांगतील स्वरदा कुठं हाय ते. मग आजोबांनी मला तिथंच धाडलं असतं, तिच्या सोबतीला."

सर कसेबसे म्हणाले, की मी आजच तात्यासाहेबांना खरं काय ते सांगतो.

"नका सांगू, सर," मोनिका म्हणाली. "ती जागा तर गेलीच. आता सांगितलं तर हितूनबी नेतील."

तासाची घंटा झाली तशी ती आत जाऊन बसली. सरांनी हजेरी घेतली. मोनिकाच्या नावाला "हजर" असा आवाज आला, तेव्हा त्यांना मान वर करवली नाही.